एक नाव, चार काका

माळ्यावर अकरा माणसं ठेवल्याबद्दल मला सोसायटीची नोटीस आली, तेव्हा त्या अकरांपैकी नऊ जणांना मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. उरलेल्या दोघांपैकी एक माझे दातांचे डॉक्टर होते आणि दुसरा माझा मेव्हणा, ज्याला पाहिलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

मी वजनमापे खात्यात आहे. दुकानांतली वजनं तपासायची, बरोबर भरली तर शिक्का मारायचा, कमी भरली तर बाजूला काढायची. बावीस वर्षांत माझ्या शिक्क्याखालून गेलेलं एकही वजन खोटं निघालेलं नाही. ही बढाई नाही. पुढे जे घडलं त्यात माझी अब्रू मुळात किती होती आणि त्यातली किती गेली, याचा वाचणाऱ्याला अंदाज यावा म्हणून सांगून ठेवतो.

सुरुवात माझ्या चश्म्यापासून झाली. नंबर वाढला म्हणून मी चश्मेवाल्याकडे गेलो, तर हा गृहस्थ काचा घासायच्या यंत्राशेजारी एका काळ्या पडद्यासमोर बसून काहीतरी टंकत होता. चित्र नाही, जाहिरात नाही, उड्या मारणारी मांजर नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं, बस्स. चौकशी केली तेव्हा कळलं, की हा त्याचा स्वतःचा सर्व्हर आहे, नाव ‘गच्ची’. वीस-बावीस माणसं आपापल्या घरून त्याच्यावर येतात, टंकून हुकूम देतात, यंत्र ते पाळतं. जाणकार याला ‘शेल’ म्हणतात. प्रत्येकाला तिथे आपली एक खोली मिळते. खोलीत कविता लिहा, कुंड्यांची नोंद ठेवा, नाहीतर नुसते बसून राहा. कोणी कुणाला खरं नाव विचारत नाही. घेतलेल्या नावाने माणूस कसा वागतो, तेवढं बघतात.

हुकूम देताच पाळला जातो अशी जागा मला घरी किंवा कचेरीत आजवर लाभली नव्हती. मी तिथल्या तिथे सभासद व्हायची तयारी दाखवली. चश्मेवाला म्हणाला, गच्ची भरली, त्यापेक्षा तुम्ही स्वतःचं काढा, जुना कंप्युटरही चालतो.

आमच्या कचेरीने त्याच आठवड्यात एक जुना कंप्युटर मोडीत काढला. मी रीतसर अर्ज करून तो घरी आणला. बायकोने त्याला दिवाणखान्यात, बेडरूममध्ये आणि बाल्कनीत, अशा क्रमाने मनाई केली. उरला स्वयंपाकघरावरचा माळा. तिथे बॅगा, गाद्या आणि न वापरलेली लग्नातली भांडी सरकवून मी यंत्राची स्थापना केली आणि त्याला नावही ‘माळा’ असंच दिलं. माझं स्वतःचं तिथलं नाव ‘काका’. कचेरीत मला सगळे काकाच म्हणतात. तिशीतच केस पांढरे झाले, त्यात माझा दोष नाही.

यंत्र सुरू झाल्याबरोबर शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. ते गरम होतं म्हणून खालच्या मजल्यावरच्या फ्रीजदुरुस्तीवाल्यांनी पंखा लावायला सांगितला. पंख्याने धूळ आत ओढली जाते म्हणून समोरच्या बाईंनी पंखा काढून वर चादर टाकायला सांगितली. चादरीमुळे ते आणखी गरम झालं. वरच्या मजल्यावरचे गायनमास्तर खास ऐकायला आले, माळ्याच्या शिडीवर उभं राहून डोळे मिटले आणि म्हणाले की घरघर सुरेल आहे, पण अर्धा स्वर उतरली आहे. हे कसं दुरुस्त करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र सहा महिने चिकाटीने टिकलो, आणि माळ्यावर अकरा सभासद झाले. त्यांत एक निवृत्त भूगोलबाई होत्या, रोज एका नदीबद्दल दहा ओळी लिहायच्या. एक ‘गप्प’ नावाचे सभासद रोज चार वाजता यायचे, काहीही न लिहिता तासभर बसायचे आणि जायचे. मला त्यांचा फार आधार वाटे.

मग चश्मेवाल्याच्या डोक्यात एकीकरण शिरलं.

आमच्यासारखी लहान लहान यंत्रं गावोगावी होती. गच्ची, पडवी, ओटा, खिडकी, जिना आणि माझा माळा, अशी सहा एकमेकांना ओळखत होती. चश्मेवाल्याने ठराव मांडला, की सगळ्यांनी एक मंडळ करावं. एका ठिकाणी घेतलेलं नाव सहाही ठिकाणी चालावं. सगळ्या खोल्यांची दारं सगळ्यांना वाचायला उघडी असावीत. आणि मंडळाचं जे काही ठरेल ते सर्वांसमोर, उघड्यावर ठरावं. मला हे इतकं पटलं की मी त्याच दिवशी होकार कळवला. उघडेपणा ही फार मोठी गोष्ट आहे असं मी तिथे चौदा ओळींत लिहिलंही. माणूस दुसऱ्याचं दार उघडायला निघाला की त्याला फार चांगली वाक्यं सुचतात.

पहिली अडचण अशी निघाली, की सहा यंत्रांवर मिळून चार काका होते.

पडवीवर एक, खिडकीवर एक, जिन्यावर एक आणि माळ्यावर मी. नाव एकच आणि ते सगळीकडे चालणार, म्हणजे काका एकच उरणार. बाकीच्यांनी काका-दोन, काका-तीन असं व्हायचं, असा चश्मेवाल्याचा विचार. यादीत मी काका-तीन होतो. बावीस वर्षं वजनं तपासणाऱ्या माणसाला तिसरा क्रमांक. मी लिहून कळवलं, की क्रमांकाला माझी हरकत नाही, पण तो कोणत्या मापाने लावला ते समजावं. खिडकीच्या काकांनी वय विचारात घ्या म्हटलं. पडवीच्या काकांनी नाव कुणी आधी घेतलं ते बघा म्हटलं. मी म्हटलं, प्रत्येकाने आपण काका असल्याचा पुरावा सादर करावा. यावर भूगोलबाईंनी सौम्यपणे विचारलं की काकाचा पुरावा म्हणजे नेमका काय, पुतण्या हजर करायचा का. मला पुतण्या नाही. मला भाऊच नाही.

जिन्याचे काका या सगळ्यात फार कमी बोलत. बोलले तर “आम्ही” म्हणून बोलत. “आम्हाला घाई नाही. आम्ही वाट पाहू.” हे कोण महाराज लागून गेले, असं मला वाटे. पुराव्याच्या मागणीला बाकीच्या दोघांनी काहीतरी उत्तर दिलं, त्यांनी एकट्यानेच दिलं नाही, तेव्हा मी खोलीत बसून हसलो. वजन खोटं असलं की दुकानदार असाच गप्प बसतो.

दुसरी अडचण फोन कंपनीची. मंडळात यायचं तर यंत्राला न बदलणारा, पक्का पत्ता लागत होता. त्यासाठी चार पानी अर्ज. ‘या जोडणीवर एकूण व्यक्ती’ असा रकाना होता. मी खरं बोलणारा माणूस, अकरा लिहिले. पुढचा रकाना होता ‘जोडणीचे ठिकाण’. मी लिहिलं, ‘स्वयंपाकघरावरील माळा’. सोबत सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं होतं, म्हणून कंपनीने अर्जाची प्रत परस्पर आमच्या सेक्रेटरींना पाठवली. आठवड्याने नोटीस आली, की मी परवानगीशिवाय अकरा पोटभाडेकरू माळ्यावर ठेवले आहेत.

सेक्रेटरी स्वतः पाहणीला आले. बरोबर टॉर्च आणि सोसायटीची वही. शिडीवर चढून त्यांनी माळ्याच्या तीन कोपऱ्यांत उजेड टाकला. चौथ्या कोपऱ्यात गाद्या होत्या. गाद्या पाहून त्यांचा संशय बळावला.

“बाकीचे कुठे गेलेत?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं की ते सगळे यंत्रात असतात. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढे पाऊण तास मी त्यांना खोली, दार, नाव, मंडळ हे सगळं समजावून सांगितलं. त्यांना एवढंच समजलं की अकरा माणसं आहेत पण पाणी वापरत नाहीत, आणि त्यावर ते बरेचसे शांत झाले. ना-हरकत पत्राचा विचार करतो म्हणाले. सेक्रेटरी विचार करतो म्हणाले की माणसाने हातातलं काम सोडून दुसरं काही शोधावं, असा आमच्या इमारतीचा अनुभव आहे. मी मात्र रोज संध्याकाळी सात वाजता त्यांच्या दारात उभा राहू लागलो, आणि परत येऊन यंत्रावरच्या माझ्या खोलीत त्याची एक ओळ लिहू लागलो. सतराव्या दिवशी त्यांच्या बायकोने मला पाहून दार उघडण्याआधीच ‘ते नाहीत’ म्हटलं, आणि मागून ते शिंकले.

त्यातच दारं उघडायचा दिवस उजाडला. चश्मेवाल्याने ठरल्या वेळी सहा यंत्रं जोडली, माझं पक्का पत्ता मिळेपर्यंत तात्पुरत्या पत्त्यावर. चार काकांचा निकाल लागला नव्हता, पण यंत्राला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याने चौघांना एकच माणूस समजून चौघांच्या खोल्या एका खोलीत रिकाम्या केल्या. वर पाटी ‘काका’, आणि खाली संपर्काचा पत्ता एकच, जिन्याच्या काकांचा.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या खोलीत ‘निरीक्षणे’ नावाची एक फाइल होती. आमच्या इमारतीतली माणसं मी खात्याच्या पद्धतीने तोलून ठेवली होती, नावं न घालता. कुणाला दुखवावं म्हणून नव्हे. दिवसभर लोखंडाची वजनं तोलून आलं की संध्याकाळी माणसांवर हात चालतो. समोरच्या बाई: ‘चौकशी पाच किलो, मदत भरत नाही, काटा हलतो फक्त.’ फ्रीजवाले: ‘सल्ला भरपूर, पण तळाला बर्फ चिकटवून वजन वाढवलेला.’ आणि सेक्रेटरी: ‘पंधरा किलो आवाजात दोनशे ग्रॅम मुद्दा. पाण्याच्या टाकीवर दोन तास बोलले, टाकी तशीच गळते.’ उघडेपणावर चौदा ओळी लिहिताना ही फाइल माझ्या डोक्यातही आली नव्हती. उघडी दारं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कायम दुसऱ्यांचीच दारं होती.

मंडळाच्या खोल्या बाहेरच्या कुणालाही वाचता येत. माझ्या मेव्हण्याने कौतुकाने इमारतीतल्या चार जणांना पत्ता पाठवला, त्यातले एक सेक्रेटरी. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरीत एका किराणा दुकानाचं पाच किलोचं वजन हातात असताना मेव्हण्याच्या फोनवरून कळलं. “भावजी, तुमच्या खोलीत सेक्रेटरी येऊन गेले,” असं तो म्हणाला, आणि त्याला वाटलं मला आनंद होईल. मी वजन शिक्का न मारताच खाली ठेवलं.

घरी येऊन माळ्यावर चढलो. काकाच्या खोलीत सेक्रेटरींचं पत्र लटकलेलं होतं. दारं उघडी, तेव्हा तेही सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी खालचा पत्ता पाहून जिन्याच्या काकांना लिहिलं होतं: ‘हे आपण लिहिले आहे काय? यातील सेक्रेटरी कोण? उत्तर यावे.’ आणि त्याखाली उत्तरही आलं होतं.

‘हो, आम्हीच लिहिलं. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींबद्दल आहे. आपल्या इमारतीतही टाकी गळत असेल तर योगायोग समजावा. टाक्या सगळीकडे गळतात. तरीही आपलं मन दुखावलं असेल तर आम्ही माफी मागतो. असं लिहिणाऱ्याने मंडळात काका म्हणवून घेणं बरोबर नाही, म्हणून ते नाव आम्ही सोडत आहोत. माळ्याच्या काकांचा अर्ज आपल्याकडे पडून आहे असं वाचण्यात आलं. तो भला माणूस दिसतो. त्याचं काम अडवू नये.’

मी ते तीन वेळा वाचलं. शिडीवर बसूनच. तेवढ्यात दारावर सेक्रेटरी आले. हातात ना-हरकत पत्र, सहीशिक्क्यासह. चेहरा इतका प्रसन्न की मी त्यांना प्रथम ओळखलं नाही. दुसऱ्या इमारतींतही सेक्रेटऱ्यांचे हेच हाल आहेत हे वाचून त्यांना फार बरं वाटलं होतं. तुमच्या मंडळात असली माणसं आहेत, तुम्ही जरा जपून राहा, असा प्रेमळ इशारा देऊन ते गेले. मागोमाग चश्मेवाल्याचा निरोप आला, की जिन्याच्या काकांनी नाव सोडलं, खिडकी आणि पडवीचेही कंटाळून गेले आहेत, तेव्हा आता काका तुम्हीच.

म्हणजे एका दुपारीत मला पत्रही मिळालं आणि नावही. फक्त गप्प बसायचं होतं.

मंडळातल्या लोकांनी जिन्याच्या काकांना बरंच सुनावलं होतं. आपल्याच शेजाऱ्यांना असं कुणी तोलतं का, असं ओट्यावरच्या एकाने लिहिलं. भूगोलबाईंनी त्या दिवशी नदी लिहिली नाही. आणि रोज गप्प बसणारे ‘गप्प’ सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलले. त्यांनी लिहिलं, ‘वाईट वाटलं.’

बायकोने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं. मग तिने विचारलं की त्या दुसऱ्या काकांचे सेक्रेटरीही टाकीवर बरोबर दोनच तास बोलले होते का. ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली. जाताना एवढंच म्हणाली, “तुमच्यासाठी खोटं बोललेला माणूस तुम्हाला ओळखतही नाही हो.”

मी पत्र पाकिटात घातलं, शर्ट बदलला आणि सेक्रेटरींच्या दारात गेलो. त्यांच्या बायकोने सवयीने ‘ते नाहीत’ म्हटलं. मी म्हटलं, मला पत्र मागायचं नाही, परत द्यायचं आहे. यावर ते असल्याचं निघालं.

“निरीक्षणं माझी आहेत,” मी म्हटलं. “टाकी आपलीच. सेक्रेटरी तुम्ही. त्या काकांचा यात काही संबंध नाही.”

त्यांनी पाकीट हातात घेतलं. ते उलटसुलट केलं.

“दोनशे ग्रॅम?”

“हो.”

“तोलून लिहिलंत?”

“अंदाजे.”

“वजनमापे खात्यातला माणूस,” सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, “अंदाजे लिहितो?”

बावीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. मी मान खाली घातली. त्यांनी पत्र आत ठेवलं आणि हा विषय रविवारच्या सभेत येईल असं सांगितलं.

त्या संध्याकाळी मी मंडळातही सगळं लिहिलं, उघड्यावर. फाइल माझी, चूक माझी, आणि जिन्याच्या काकांनी माझ्यासाठी ती आपल्या अंगावर घेतली. चौदा ओळी लागल्या नाहीत, तीनच लागल्या. चश्मेवाला म्हणाला फाइल काढून टाका, दार लावून घ्या, लोक आठ दिवसांत विसरतील. मी दार लावलं नाही. आता लावलं असतं तर उघडेपणाची सगळी जबाबदारी फक्त सभ्य माणसांवर पडली असती.

रविवारच्या सभेला सगळे अठरा फ्लॅट हजर होते. टाकीवरच्या सभेला सात आले होते. सेक्रेटरींनी अट घातली, की फाइल उघडी आहे तर मी ती उभं राहून मोठ्याने वाचावी. मी वाचली. प्रत्येक जण दुसऱ्याच्या वजनाला हसला आणि आपल्या वजनाशी गंभीर झाला. फ्रीजवाले उठून म्हणाले, बर्फ चिकटवतात ते मासेवाले, आम्ही नव्हे. समोरच्या बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला आणि मग, माझ्या मुलीच्या परीक्षेच्या वेळी त्यांनी पंधरा दिवस आमच्या घराची किल्ली सांभाळली होती, ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. ती खरी होती. माझ्या काट्याने ती पकडली नव्हती. मी तिथेच पेन काढून पाच किलोच्या पुढचं वाक्य खोडलं आणि माफी मागितली. सगळ्यात जास्त दुखावले गायनमास्तर. त्यांच्याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. आपण इतके हलके आहोत का, असं त्यांनी भरल्या गळ्याने विचारलं, आणि त्यांची समजूत घालण्यात वीस मिनिटं गेली.

मग मला ना-हरकत पत्र द्यावं का, यावर मतदान. आठ बाजूने, आठ विरुद्ध. गायनमास्तर तटस्थ राहिले. उरले सेक्रेटरी. ते उभे राहिले तेव्हा मी मनातल्या मनात यंत्र माळ्यावरून उतरवून कुठे ठेवायचं याचा विचार करत होतो. कचेरीच्या गोदामात एक कोपरा होता. तो नाही मिळाला तर मेव्हण्याकडे. यंत्र बंद करायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलेलं होतं.

“या माणसाने मला दोनशे ग्रॅम म्हटलं,” सेक्रेटरी म्हणाले. “पण हातात सही झालेलं पत्र असताना तो ते परत द्यायला आला. माझ्याकडून पत्र घेऊन गेलेला माणूस परत आलेला मी अजून पाहिला नव्हता.”

त्यांनी बाजूने मत दिलं. पाठोपाठ त्यांनी पाण्याच्या टाकीचा विषय घेतला आणि बरोबर बारा मिनिटांत संपवला. प्लंबर दुसऱ्या दिवशी आला.

पत्र फोन कंपनीत दिलं, पक्का पत्ता मिळाला. पण मला राहवेना. जिन्याच्या काकांनी माझ्या तीन ओळींना उत्तर दिलं होतं, ‘ठीक आहे. येऊन जा कधी.’ पत्ताही दिला होता. पुढच्या शनिवारी मी बस पकडली. तीन तासांचा प्रवास. वाटेत मी म्हणायची वाक्यं पाठ करत होतो. वयस्कर गृहस्थ असणार, कदाचित निवृत्त शिक्षक, भिंतीला टेकून बसलेले, असं चित्र मी मनाशी काढलं होतं.

पत्ता लोखंड कातणाऱ्या एका छोट्या लेथवर्कशॉपचा निघाला. बाहेर लोखंडाच्या किसाचा ढीग, आत तेलाचा वास. दारात चश्मा घातलेली, तिशीची एक बाई पार्सलांवर पत्ते लिहीत होती. मी काकांना भेटायला आलोय म्हटल्यावर तिने आत बघून सहज हाक मारली, “काका, पाहुणे आलेत.”

लेथ थांबलं. जाड कापडाच्या झग्याला हात पुसत एक सत्तरीच्या बाई बाहेर आल्या. केस आखूड कापलेले, कानामागे पेन्सिल. मी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“माळ्याचे ना?” त्या म्हणाल्या. “बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो.”

माझी पाठ केलेली वाक्यं सगळी पुल्लिंगी होती, त्यामुळे एकही उपयोगाला आलं नाही. मी बसलो. मग कसंबसं विचारलं, की त्यांनी खोटं का सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही रोज सात वाजता त्या सेक्रेटरीच्या दारात उभं राहता हे दारं उघडल्यावर तुमच्या खोलीत वाचलं. सतरा दिवस. यंत्रासाठी इतकं कुणी उभं राहत नाही. एका फाइलपायी ते बुडू द्यायचं नव्हतं.

“आणि नाव?” मी म्हटलं. “ते तुमचं होतं.”

त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. शाळेचा प्रवेश अर्ज, पंचवीस वर्षांपूर्वीचा. मुलीचं नाव, जन्मतारीख. पालकाशी नाते या रकान्यात तीनच पर्याय छापलेले होते: वडील, काका, मामा. ‘काका’वर खूण, बाजूला मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का.

“भाऊ आणि वहिनी एकदमच गेले,” त्या म्हणाल्या. “ही पाच वर्षांची. मी आत्या, पण आत्याला रकाना नव्हता. कारकून म्हणाला, रकाना भरल्याशिवाय प्रवेश नाही. मी म्हटलं, मग मी काका. त्याने शिक्का मारला. पोरीने ते ऐकलं, आणि घरी येताना रस्त्यातच तिने मला काका म्हणायला सुरुवात केली.”

मी तो शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. सवय आहे. कडा स्वच्छ, तारीख वाचता येणारी. चार काकांमध्ये पुरावा असलेला काका हा एकच होता, आणि तो मागणारा मी होतो, ज्याला पांढऱ्या केसांवरून कुणीतरी हाक मारली होती. मी त्यांना सांगितलं की नाव त्यांचंच राहील, मी आजच मंडळात तसं लिहितो, मला काहीही चालेल, काका-तीनसुद्धा.

“कशाला?” त्या म्हणाल्या. “घरात चार काका असले तर पोरं काय करतात? वरचे काका, खालचे काका म्हणतात. कुणाचं नाव काढून घेतात का? तुम्ही माळ्याचे काका, मी जिन्याची. नुसतं काका म्हटलं तर ज्याला ऐकू येईल त्याने ओ द्यायची.”

सहा यंत्रं, चार काका आणि एक चश्मेवाला मिळून महिनाभर जे सुटलं नव्हतं, ते त्यांनी पेन्सिल कानामागे अडकवता अडकवता सोडवलं. मी होय म्हटलं. मग त्यांनी मला जिन्याखालचं त्यांचं यंत्र दाखवलं. ते माझ्या यंत्रापेक्षा जुनाट होतं आणि तरी त्याहून गार. मी कारण विचारलं. त्या समजावून सांगायला लागल्या, आणि मी वहीत लिहून घेऊ लागलो, या वेळी अंदाजे नाही, आकड्यांसकट.

तेवढ्यात दारातून त्यांच्या भाचीने डोकावून विचारलं, “काका, चहा टाकू?”

“टाक,” आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.